‘असतें तर’ : इतिहासांतील लृङ्‌लकाराचें परीक्षण

(१)

संस्कृत व्याकरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यास लृङ् हा लकार बहुधा सर्वांच्या शेवटीं शिकविला जातो, आणि परीक्षा आटोपतांच तोच प्रथम विसरला जातो. वस्तुतः पाणिनीच्या सूक्ष्म दृष्टीचें दर्शन जेथें विशेष घडतें, अशा स्थळांपैकीं हें एक होय. जी क्रिया घडली नाहीं, परंतु अमुक निमित्त असतें तर जी घडली असती, तिचा ‘क्रियातिपत्ति’ या नांवानें निर्देश करून त्यानें तिच्यासाठीं स्वतंत्र लकार राखून ठेविला. शाळेंत याचें उदाहरण पावसाचें व सुकाळाचें देतात. शहापूर-मुरबाडकडील भातकऱ्याच्या मुलास तें उलगडून सांगावें लागत नाहीं. आवणी लांबली त्या वर्षीं तो घरांत हाच लकार मराठींत ऐकत असतो.

इतिहाससंशोधक मात्र या लकाराकडे संशयानें पाहतो. ‘इतिहासांत जर-तरला स्थान नाहीं’ हें वाक्य आपल्या सभांतून इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं त्याला आतां सूत्राचें रूप आलें आहे. गंमत ही कीं, तें वाक्य उच्चारणारा विद्वान् व्याख्यान संपवून चहास बसला म्हणजे पानिपतावर विश्वासराव वांचते तर काय झालें असतें, थोरले माधवराव आणखी वीस वर्षें जगते तर काय झालें असतें, हेंच बोलूं लागतो. जें मनुष्य व्यासपीठावर नाकारतो व घरांत करतो, त्याला नियम घालून देणें हें त्याला नाकारण्यापेक्षां अधिक शहाणपणाचें असतें. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच आहे.

प्रसंग असा घडला. शहापूर येथें कांहीं वाचनप्रिय मंडळींच्या बैठकींत दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचली गेली. त्यावरून बोलणें निघतां निघतां तें सन १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीवर गेलें, आणि ‘चिंतामणराव देशमुख निवडून आले असते तर’ या प्रश्नावर रात्र झाली. प्रस्तुत लेखक त्या बैठकींत होता. परततांना त्यास असें वाटलें कीं, या दोन कल्पना एका जातीच्या नाहींत. त्यांतला भेद सांगतां आला पाहिजे.

(२)

हा भेद सांगण्याचें साधन आपल्याच शास्त्रांत आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत तर्काची गणना संशय व विपर्यय यांच्या पंक्तीस, अयथार्थ अनुभवांत केलेली आहे. नवशिक्यास याचें आश्चर्य वाटतें. ज्या ग्रंथाच्या नांवांतच तर्क आहे, त्यानें तर्कास अयथार्थ म्हणावें हें कसें? उत्तर असें कीं, तर्क म्हणजे आरोप. डोंगरावर विस्तव नाहीं असें क्षणभर धरून चाला, म्हणजे तेथें धूरही नसावयास हवा होता हें मान्य करावें लागतें. धूर तर डोळ्यांस दिसत आहे. मग मूळ धरलेलें आपोआप सुटतें. तर्क स्वतः प्रमाण नव्हे, तो प्रमाणाचा अनुग्राहक. नैयायिक असत्य कल्पनेंत शिरतो तो तेथें वस्ती करण्यासाठीं नव्हे. तो परत येतो, आणि परत येतांना जें खरोखर आहे त्याविषयींची खात्री घेऊन येतो.

यावरून इतिहासांतील ‘असतें तर’ला तीन कसोट्या लावतां येतील असें आम्हांस वाटतें.

पहिली आश्रयाची. ज्या ठिकाणीं इतिहासास दुसरीकडे वळवावयाचें, तें ठिकाण तत्कालीन कागदांत अनिश्चित म्हणून दिसलें पाहिजे. त्या काळच्या माणसांपुढें दोन वाटा खरोखर होत्या असा लेखी आधार नसेल, तर ती कल्पना गगनारविंदाच्या सुगंधासारखी आश्रयासिद्ध होते.

दुसरी व्याप्तीची. बदललेल्या कारणापासून सांगितलेलें कार्य निष्पन्न होतें, हें अन्य उदाहरणांवरून सिद्ध असलें पाहिजे. एका पायरीपुरती व्याप्ति पुष्कळदां मिळते. दहाव्या पायरीस ती उरत नाहीं.

तिसरी, व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, परावृत्तीची. त्या कल्पनेवरून परत फिरल्यावर घडलेल्या इतिहासाविषयीं आपणांस कांहीं अधिक समजलें काय? समजलें नसेल तर ती करमणूक होय. करमणुकीस आमचा विरोध नाहीं, परंतु तिला संशोधनाच्या पानांवर जागा नको.

(३)

आतां नारळीकरांची कथा पाहूं. कथानक बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातांत सांपडतात आणि पानिपत मराठ्यांनीं जिंकलें आहे अशा हिंदुस्थानांत जाऊन पडतात. तेथील मुंबईंत अद्यापि इंग्रजांचा अंमल आहे. ग्रंथालयांत इतिहासाचीं पुस्तकें चाळतां चाळतां त्यांस फांटा फुटण्याचें स्थळ सांपडतें. भाऊसाहेबांच्या बखरींत, विश्वासरावांस लागलेली गोळी त्या जगांत निसटून गेलेली असते. नंतर आझाद मैदानावर एका सभेंत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून, शेंकडों सभांचें अध्यक्षपद भूषविलेले पंत तींत जाऊन बसतात व श्रोत्यांच्या रोषास पात्र होतात. आपल्या जगांत परत आल्यावर त्यांच्या खिशांत त्या बखरीचें फाटलेलें पान निघतें.

कथा म्हणून तिची गोडी निर्विवाद आहे. आम्ही तिला केवळ आपल्या तीन कसोट्या लावणार आहों.

गोळीचा आश्रय पक्का आहे. रणांगणावर गोळी लागणें व न लागणें यांत तिळाएवढें अंतर असतें. व्याप्ति मात्र लंगडी पडते. १४ जानेवारी १७६१ च्या सायंकाळचा निकाल एका गोळीनें लागला नाहीं. सुमारें अडीच महिने पानिपतास अडकून पडलेली छावणी, तींतील यात्रेकरूंचा व कुटुंबांचा लोंढा, डिसेंबर १७६० मध्यें गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर तुटलेली रसद, उपाशी माणसें व उपाशी घोडीं, हीं सर्व कारणें गोळी सुटण्यापूर्वींचीं आहेत. राजवाड्यांनीं सन १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध करून त्या वर्षांचीं अस्सल पत्रें लोकांपुढें ठेविलीं, तेव्हांपासून पानिपताचा विचार बखरीवरून न करितां पत्रांवरून करावा हें ठरल्यासारखें आहे. पुढें शेजवलकरांनीं त्याच दिशेनें रणभूमीचा व मोहिमेचा विचार केला. विश्वासराव पडल्याचें पाहून भाऊ हत्तीवरून उतरले, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, ही परंपरा मानली तरी, अंबारी भरलेली राहिल्यानें दाणागोटा भरला नसता. नारळीकरांनीं फांटा बखरींत शोधला. संशोधकानें तो पत्रांत शोधला असता. कदाचित् गोविंदपंतांच्या छावणींत, अंतर्वेदींत, एखाद्या महिन्यापूर्वीं त्याला तो सांपडला असता.

परंतु या कथेंत एक गोष्ट अशी आहे कीं जिच्याकडे वाचकांचें लक्ष सहसा जात नाहीं, व जी आमच्या मतें गोळीपेक्षां अधिक खरी आहे. त्या विजयी मराठ्यांच्या हिंदुस्थानांत पुढें लोकशाही येते, मध्यवर्ती संसद येते, आणि तरीही दिल्लीस बादशहा शिल्लक राहतो. संसदेनें सुचविलेल्या गोष्टींवर शिक्का उठविणें एवढेंच त्याचें काम. म्हणजे त्या देशांत राष्ट्रप्रमुखाची निवडणूक नाहीं. ती जागा जन्मानें भरते.

हें लेखकानें सहज लिहिलें असो वा विचार करून, त्याला आश्रय आहे. भाऊंनीं सन १७६० च्या ऑगस्टांत दिल्ली घेतली. तख्त हातीं होतें. विश्वासरावांस त्यावर बसविण्याचा विचार होता अशी वदंता ग्रँट डफनेंही नोंदविली आहे. प्रत्यक्षांत १० ऑक्टोबर १७६० रोजीं भाऊंनीं केलें काय? वजिरानें बसविलेल्या तिसऱ्या शहाजहानास पदच्युत करून, त्या वेळीं पूर्वेकडे भटकत असलेल्या शहाआलमाच्या नांवें द्वाही फिरविली व त्याचा पुत्र जवानबख्त यास गादीचा वारस ठरविलें. राजधानी हातांत, सैन्य हातांत, उमेदवार घरचा, आणि तरी तख्तावर तैमूरवंशच. पुढें पराभवाची भरपाई झाल्यावरही हीच चाल दिसते. सन १७७२ च्या जानेवारींत महादजी शिंद्यांनीं त्याच शहाआलमास दिल्लींत आणून बसविलें, आणि सन १७८४ मध्यें स्वतः ‘वकील-इ-मुतलक’ झाले. सर्व सत्ता घेतली, परंतु शेवटलें आसन घेतलें नाहीं.

घरच्या बाजूसही हीच रीत होती. सन १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर साताऱ्याचे छत्रपति वस्त्रें देण्यापुरते धनी राहिले. जून १७६१ मध्यें नानासाहेब वारले, तेव्हां माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहूनच घ्यावीं लागलीं. सन १७७४ मध्यें तर जन्मून चाळीसच दिवस झालेल्या सवाई माधवरावांच्या नांवें वस्त्रें आलीं, आणि कारभार बारभाईंनीं केला. नाममात्र धनी वर ठेवून खालीं कारभार करावयाचा, ही अठराव्या शतकांतील मराठी राज्यपद्धति होती. तेव्हां पानिपत जिंकल्यानें ही पद्धति मोडली असती असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. ती अधिक दृढ झाली असती.

येथें कथेंतील एक उणीव दाखविणें प्राप्त आहे. दिल्लीच्या छायेस लेखकानें जागा दिली, पण साताऱ्याच्या छायेस दिली नाहीं. दोन नाममात्र धनी असलेल्या राज्यांत लोकशाही आली असती, तर त्यांतला कोणता राष्ट्राचा प्रमुख ठरता? हा तंटा त्या देशाच्या पहिल्या संसदेपुढें आल्यावांचून राहिला नसता, आणि कदाचित् तो तोडण्यासाठींच तिला तिसरा, निवडलेला प्रमुख शोधावा लागला असता.

असो. परावृत्तीची कसोटी लावतां ही कथा आपणांस एक खरी गोष्ट देऊन परत पाठविते. विजयी मराठ्यांचा तो हिंदुस्थान अंतीं इंग्लंडसारखा दिसतो : खालीं संसद, वर वंशपरंपरेचा शिक्का. पराभूत हिंदुस्थानांत मात्र सन १८०३ मध्यें दिल्ली इंग्रजांकडे गेली, सन १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, सन १८५७ च्या उठावानंतर मोगल वंशाचें नांवही गेलें, आणि वरची जागा अशी पुसून निघाल्यामुळेंच २६ जानेवारी १९५० रोजीं तेथें निवडून आलेला प्रमुख बसूं शकला. राष्ट्रपति हाही बव्हंशीं नाममात्र प्रमुखच. परंतु ती जागा जन्मानें न भरतां मतांनीं भरते, हा फरक लहान नव्हे. पानिपतावर जय मिळाला असता तर बरें झालें असतें, असें म्हणणाऱ्यानें हा हिशेबही खर्चाच्या बाजूस मांडावा.

(४)

कथेंतील त्या फाटलेल्या पानाविषयीं आतां बोलतों. आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांस कथानकापेक्षां तें पान अधिक खुपेल, कारण असलीं पानें आपल्यापुढें येतात. गंगाधरपंतांचें पान छापील आहे. त्याची परीक्षा टंक, कागद, आवृत्ति व पृष्ठांक यांवरून होईल, आणि काशीनाथ नारायण साने यांनीं छापलेल्या प्रतीशीं तें ताडून पाहतां येईल. हस्तलिखिताचें तसें नसतें. तेथें परीक्षकाच्या मनांतील इच्छा हा एक साक्षीदार गुपचूप येऊन बसतो.

हें आम्हीं ऐकीव सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या भागांतील एका घरीं एक मोडी पान पाहावयास मिळालें. घर प्रतिष्ठित, यजमान वृद्ध व निष्कपट. पानाचा विषय माहुलीचा वेढा. हा प्रसंग आमच्याकडे फार जिव्हाळ्याचा आहे. सन १६३३ मध्यें दौलताबाद पडून निजामशाही बुडाली असतां शहाजीराजांनीं त्या वंशांतील एका अल्पवयी मुलास पेमगिरीवर मूर्तिजा निजामशहा म्हणून बसविलें व तीन वर्षें त्याच्या नांवें राज्य चालविलें. सन १६३६ मध्यें शहाजहान व आदिलशहा यांचा तह झाला, मोगलांचा खानजमान व विजापूरचा रणदुल्लाखान यांनीं मिळून पाठलाग केला, आणि शहाजीराजे कोंकणांत उतरून माहुलीच्या आश्रयास आले. पोर्तुगीजांकडे केलेली आश्रयाची विचारणा फुकट गेली. पावसाळा सरल्यावर गड व मुलगा दोन्ही द्यावीं लागलीं, आणि राजे विजापूरच्या चाकरींत गेले. आसनगांवाहून जातांना माहुलीचे सुळके दिसले म्हणजे आमच्याकडील मनुष्य म्हणतो, ‘राजांनीं तेव्हां गड धरून ठेवला असता तर!’

त्या पानांत नेमकें हेंच होतें. गडावरच्या लोकांनीं राजांस विनविलें कीं सहा महिने पुरेल इतका दाणा आहे, मुलास देऊं नये. वाचून आमचे डोळे भरून आले. अक्षर जुनें, कागद जुना, भाषेंत फारशी शब्दांचा यथायोग्य भरणा. एका लहानशा सभेंत आम्हीं त्याचा उल्लेखही करून टाकला. तरुण मंडळींनीं टाळ्या वाजविल्या.

घरीं येऊन जंत्री उघडली. पानावर महिना जमादिलावल होता, आणि वर्ष शुहूर सन सित सलासीन अलफ, म्हणजे एक हजार छत्तीस. वेढ्याच्या सालचा जमादिलावल इसवी सन १६३६ च्या ऑक्टोबरांत पडतो. परंतु शुहूर सन मृगापासून बदलतो. त्या ऑक्टोबरांत सबा सलासीन, एक हजार सदतीस, चालूं होतें. सित सलासीनांतील जमादिलावल हा सन १६३५ च्या ऑक्टोबरांत येतो. तेव्हां माहुलीस वेढा पडला नव्हता, तहही झाला नव्हता. लिहिणाऱ्यानें इसवी सनांतून सरळ सहाशें वजा केले होते, आणि मृग विसरला होता. जो इसवी सनावरून शुहूर काढतो तो शहाजीराजांचा कारकून नव्हे. शहाजीराजांच्या कारकुनास इसवी सन ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें.

शाळेंत चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेल्या मनुष्यास ही चूक पहिल्या दृष्टीस दिसावयास हवी होती. ती दिसली नाहीं, याचें कारण पानांत नव्हे, आमच्यांत होतें. आम्हांस तें खरें असावयास हवें होतें. पुढच्या सभेंत आम्हीं विधान मागें घेतलें. त्या वेळीं टाळ्या वाजल्या नाहींत, आणि पूर्वीं ऐकलेल्यांपैकीं निम्मे लोक हजरही नव्हते. आजही कोणी गडावर चढणारा तरुण ‘सहा महिन्यांचा दाणा होता, मास्तरांनींच सांगितलें’ असें म्हणतो, तेव्हां उत्तर देतांना शरम वाटते.

यावरून घ्यावयाचा बोध असा : ‘असतें तर’ ही इच्छा आहे, आणि इच्छा बलवान् झाली म्हणजे ती स्वतःसाठीं पुरावा निर्माण करविते. कोणी लबाडी न करतांही करविते.

माहुलीविषयीं एक तर्क मात्र या नियमांत बसतो. पोर्तुगीजांनीं आश्रय दिला असता तर? येथें आश्रय आहे, कारण प्रश्न खरोखर विचारला गेला होता व उत्तर दुसऱ्याच्या हातांत होतें. त्यावरून परत फिरतां हें कळतें कीं, राजांपुढचा प्रश्न गडावरील दाण्याचा नव्हता. गड लढविला तरी नाममात्र धन्यास घेऊन जावयास मुलूख उरला नव्हता. दिल्ली व विजापूर एक झाल्यावर दक्षिणेंत तिसऱ्या गादीस जागाच राहिली नाहीं. ही गोष्ट ‘गड धरून ठेवला असता तर’ या हळहळीनें कधीं समजली नसती.

(५)

आतां सन १९६९. ३ मे रोजीं राष्ट्रपति डॉ. झाकिर हुसेन वारले. जुलै महिन्यांत बंगलोर येथें काँग्रेसच्या संसदीय मंडळानें पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांस उमेदवारी दिली. व्ही. व्ही. गिरी स्वतंत्र उभे राहिले. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनीं चिंतामणराव देशमुख यांस पुढें केलें. १६ ऑगस्ट रोजीं मतदान झालें, व २० ऑगस्ट रोजीं निकाल लागला.

चिंतामणरावांविषयीं आमच्या मनांत पक्षपात आहे, तो आधींच सांगून टाकतों. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेला हा पुरुष सन १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिला आला व जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचा मानकरी झाला. ती शिष्यवृत्ति ज्यांच्या नांवें आहे ते नाना शंकरशेट सन १८०३ मध्यें आमच्या मुरबाडास जन्मले. संस्कृत शिकविणाऱ्या प्रत्येक मास्तराचें, आपल्या हातून एक तरी ‘शंकरशेट स्कॉलर’ घडावा, हें स्वप्न असे. पुढें देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, केंद्रीय अर्थमंत्री झाले, आणि सन १९५६ मध्यें मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर त्यांनीं मंत्रिपद सोडलें. मेघदूताचें मराठी भाषांतर करणारा मनुष्य राष्ट्रपतिभवनांत बसला असता, या कल्पनेनें शहापूरच्या त्या बैठकींत कोणाचें मन हललें नसेल?

परंतु माहुलीच्या पानानें आम्हांस शहाणें केलें होतें. आंकडे मांडूं. पहिल्या पसंतीच्या मतांचें मूल्य असें : गिरी ४,०१,५१५; रेड्डी ३,१३,५४८; देशमुख १,१२,७६९. वैध मतांचें एकूण मूल्य ८,३६,३३७, व विजयास आवश्यक ४,१८,१६९. पहिल्या मोजणींत कोणीच तेथवर पोंचला नाहीं. खालच्या उमेदवारांस क्रमानें वगळून त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती वांटली गेली. शेवटीं गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ असे राहिले.

‘देशमुख निवडून आले असते तर’ या कल्पनेस आश्रय मिळत नाहीं. दुसऱ्या स्थानावर येण्यासाठींच रेड्डींच्या मतांपैकीं लाखाहून अधिक मूल्याचीं मतें त्यांच्याकडे वळावयास हवीं होतीं. हें कांहीं आमदार-खासदारांचें मन बदलून होणारें नव्हतें. त्यासाठीं संघटना-काँग्रेसच्या पुढाऱ्यांनीं स्वतःचा उमेदवार सोडावयास हवा होता, आणि तसा विचार त्यांच्यापुढें होता असें दिसत नाहीं. जड अंतःकरणानें हें गगनारविंद खालीं ठेवावें लागतें.

‘रेड्डी निवडून आले असते तर’ ही कल्पना मात्र सर्वथा साधार आहे. अंतर १४,६५० चें. त्याच्या निम्म्याहून किंचित् अधिक, ७,३२६ मूल्याचीं मतें, गिरींकडून रेड्डींकडे जातीं तर निकाल फिरला असता. आणि आतां चिंतामणरावांची खरी भूमिका दिसूं लागते. देशमुख व इतर किरकोळ उमेदवार वगळल्यावर रेड्डींच्या मतांत ९१,८७९ ची भर पडली, गिरींच्या मतांत अवघी १८,५६२ ची. देशमुखांस मत देणाऱ्यांनीं दुसऱ्या पसंतीनें रेड्डींस जवळजवळ गादीपर्यंत नेलें होतें. जो स्वतः कधींच निवडून येणार नव्हता, त्याच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या रकान्यांत निवडणुकीचें भवितव्य दडलें होतें. हें ज्ञान हळहळींतून मिळालें नाहीं, आंकड्यांच्या तर्कांतून मिळालें.

याहून मागें एक फांटा आहे, व तोही मराठी मनुष्याच्या हातचा. बंगलोरच्या संसदीय मंडळांत संजीव रेड्डींस चार मतें पडलीं, विरुद्ध दोन. त्या चारांत यशवंतराव चव्हाण होते. चव्हाणांचें एक मत दुसरीकडे जातें तर तीन विरुद्ध तीन असा पेंच पडता. हा फांटा केवळ आमचा कल्पित नव्हे, याचा पुरावा असा कीं, त्याच वर्षीं नोव्हेंबरांत काँग्रेस दुभंगली तेव्हां हेच चव्हाण इंदिरा गांधींच्या बाजूस राहिले. चार महिन्यांत जो दोन्ही बाजूंस उभा राहिला, त्याच्यापुढें दोन्ही वाटा होत्या, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

त्यापुढें किती जावें? एक पायरी. रेड्डी राष्ट्रपति झाले असते तर पंतप्रधानांचें पक्षांतील आसन डळमळलें असतें, एवढें व्याप्तीनें मिळतें. त्यानंतर सन १९७१ चें युद्ध, सन १९७५ ची आणीबाणी, हीं झालीं असतीं कीं नसतीं, हें सांगणारा मनुष्य इतिहास सांगत नाहीं, स्वप्न सांगतो. काळानें दिलेली कोपरखळीही विसरूं नये. हेच संजीव रेड्डी सन १९७७ मध्यें बिनविरोध राष्ट्रपति झाले. मराठी घरांतील व्यक्ति त्या आसनावर बसावी ही इच्छाही सन २००७ मध्यें प्रतिभाताई पाटील यांच्या रूपानें पुरी झाली. त्या बैठकींत १९६९ साठीं अश्रु ढाळणाऱ्यांपैकीं एकासही २००७ ची आठवण झाली नाहीं. न घडलेल्या गोष्टींचा मोह असा असतो.

(६)

शेवटीं संग्राहकांस एक विनंति.

लृङ्‌लकाराचा आश्रय कागदांत असतो, आणि तो बहुधा हरलेल्याच्या कागदांत असतो. न पाठविलेलीं पत्रें, खोडलेले मसुदे, नाकारलेले अर्ज, पडलेल्या उमेदवाराच्या याद्या, हींच ती जागा. जिंकलेल्याचें दप्तर सरकार जपतें. हरलेल्याचें दप्तर त्याची सून रद्दींत देते. आमच्या तालुक्यांतून जुनीं घरें पाडून पक्कीं बांधण्याचें काम जोरांत चालू आहे. रुमालांत बांधलेलीं मोडी दप्तरें दिसलीं तर आपण धांवतों. पण त्याच माळ्यावर तालुक्याच्या जुन्या निवडणुकांचीं पत्रकें, मतांच्या हातानें केलेल्या बेरजा, उमेदवारी मागें घेण्याविषयींच्या चिठ्ठ्या असतात, त्यांकडे आपण पाहतही नाहीं. तीं पुरेशीं जुनीं नाहींत असें आपणांस वाटतें. शंभर वर्षांनीं तीं जुनीं होतील, पण तेव्हां तीं नसतील. मग त्या काळचा मनुष्य ‘असतें तर’ म्हणेलच, आणि आश्रय नसल्यामुळें पानें बनवील.

नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजकुलाच्या मूर्ति होत्या. मूर्ति गेल्या. वर कोरलेलीं नांवें राहिलीं, म्हणून त्या रिकाम्या जागांवर कोण होतें हें आपण निश्चयानें सांगूं शकतों. रिकाम्या जागेवर कोणास बसवावयाचें हें अक्षरांनीं सांगावें. अक्षरें नसतील तर जागा रिकामी ठेवावी.

माहुलीचें तें पान यजमानांनीं पुढें आम्हांसच देऊन टाकलें. तें फाडून टाकावें असा एकदां विचार आला होता. फाडलें नाहीं. पाठीस वेगळा कागद जोडून त्यावर शुहूर सनाचा हिशेब लिहिला, कोणत्या सभेंत आम्हीं तें खरें म्हणून सांगितलें व कोणत्या सभेंत मागें घेतलें हेंही लिहिलें, आणि खालीं सही केली. पान व टिपण एकत्रच ठेविलीं आहेत. ज्यास तपासावयाचें असेल त्यानें यावें.